पाणबुड्याचा पहिला संच : कोठे घ्यावा व कसा घ्यावा

मनुष्य ज्या वस्तू विकत घेतो, त्यांचे ढोबळ मानाने दोन वर्ग करता येतात. पहिल्या वर्गातील वस्तू बिघडल्या तर गैरसोय होते, पण त्यापलीकडे काही बिघडत नाही. छत्री गळली तर आपण भिजतो. घड्याळ बंद पडले तर गाडी चुकते. दुसऱ्या वर्गातील वस्तू मात्र ऐन वेळी दगा देतील तर केवळ गैरसोयीवर निभावत नाही. पाण्याखाली श्वासोच्छ्वास करण्याची साधने या दुसऱ्या वर्गात मोडतात. म्हणूनच ती गावातल्या दुकानातून घ्यावीत की घरबसल्या ऑनलाइन मागवावीत, हा प्रश्न वरवर पाहता स्वस्त-महागाचा वाटला, तरी वस्तुतः तो तेवढाच नाही. प्रस्तुत लेखात त्याचा थोडा साधकबाधक विचार करावयाचा आहे.

शाळेच्या वार्षिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या दारातच आहे. आपला गोमंतक समुद्रकाठी वसलेला. पावसाळा सरून पाणी निवळू लागले की, मुरगावच्या बाहेरील ग्रांड बेटाभोवती, उत्तरेस मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर आणि दक्षिणेस मुरुडेश्वरासमोरच्या नेत्राणी बेटापाशी पाणबुड्यांच्या होड्या दिसू लागतात. किनाऱ्यावरील कित्येक तरुण या व्यवसायात आपली उपजीविका शोधीत आहेत. दोनापावल येथे १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधक प्रवाळांचा व समुद्रतळाचा अभ्यास करण्यासाठी पाण्यात उतरतात, डॉ. एस. आर. राव यांच्या मार्गदर्शनाखाली द्वारकेच्या समुद्रात पुरातन अवशेषांचा शोध याच संस्थेने घेतला. तेव्हा आज शाळेच्या बाकावर बसलेल्या एखाद्या मुलाने वा मुलीने उद्या वडिलांपाशी स्कूबाच्या साहित्याचा हट्ट धरला, तर त्यात नवल नाही. त्या वेळी घरातील वडीलधाऱ्यांना आणि स्वतः त्या मुलांनाही काय पारखावयाचे हे ठाऊक असावे, एवढाच या लेखाचा हेतू.

समुद्रात बुडी मारणे आपल्या लोकांना नवे नाही. खडकाला चिकटलेल्या शिंपल्या, ज्यांना आपण कोकणीत शिणाण्यो म्हणतो, त्या काढण्यासाठी आपले लोक पूर्वापार बुड्या मारीत आले आहेत. परंतु त्यांचे सारे भांडवल म्हणजे छातीत भरून घेतलेला एक श्वास. तो संपला की वर आलेच पाहिजे. मनुष्याला स्वतःबरोबर हवा घेऊन पाण्यात मोकळेपणी हिंडता येईल असे सुटसुटीत साधन हाती आले ते १९४३ साली. फ्रेंच नौदलातील अधिकारी झाक-इव्ह कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां या दोघांनी ते सिद्ध केले. महायुद्धाच्या दिवसांत फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई होती. त्यामुळे मोटारी ज्वलनवायूवर चालविण्यासाठी गान्यांने एक झडप तयार केली होती. इंजिनाला हवा तेवढाच वायू, हवा तेव्हाच पुरविणे हे तिचे काम. तीच कल्पना त्यांनी माणसाच्या फुफ्फुसासाठी वापरली. ‘स्कूबा’ हा शब्द मागाहून रूढ झाला. पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून तो बनला असून ‘पाण्याखाली वापरावयाचे स्वयंपूर्ण श्वसनयंत्र’ असा त्याचा अर्थ आहे.

या झडपेची एवढी आवश्यकता का पडते? एखादी लांब नळी तोंडात धरून खोल पाण्यात का बसता येऊ नये? याचे उत्तर पाण्याच्या दाबात आहे. समुद्राच्या पृष्ठभागावर आपल्या अंगावर एक वातावरणाचा दाब असतो. दर १० मीटर खोलीला त्यात सुमारे एका वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटरवर दोन, २० मीटरवर तीन, ३० मीटरवर चार. हा दाब छातीला सर्व बाजूंनी आवळीत असतो. पृष्ठभागावरील साधी हवा नळीतून ओढून घेऊ म्हटले, तर एखाद्या मीटरच्या आतच छातीचे स्नायू हार खातात. यास्तव पाणबुड्याला सभोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा मिळावी लागते, आणि खोली बदलेल तसा तो दाबही क्षणोक्षणी बदलावा लागतो. हे काम करणाऱ्या यंत्रास रेग्युलेटर म्हणतात. त्याचे दोन टप्पे असतात. सिलिंडरच्या तोंडाशी बसणारा पहिला टप्पा २०० बारच्या आसपासचा प्रचंड दाब उतरवून, भोवतालच्या दाबापेक्षा सुमारे ९ ते १० बार अधिक इतपत आणतो. तोंडात धरावयाचा दुसरा टप्पा ती हवा भोवतालच्या दाबावर आणून, श्वास घेताच पुरवितो. सिलिंडरात असते ती साधी, स्वच्छ, दाबून भरलेली हवाच. पुष्कळांचा समज असतो की तीत शुद्ध प्राणवायू भरलेला असतो. परंतु शुद्ध प्राणवायू सुमारे ६ मीटरच्या पलीकडे शरीरास घातक ठरू लागतो.

आता थोडे गणित करून पाहू. नेहमीच्या वापरातील ॲल्युमिनियमच्या सिलिंडरची आतील जागा सुमारे ११ लिटर असते. २०० बारपर्यंत भरल्यास तीत सुमारे २२०० लिटर हवा मावते. त्यातील ५० बार राखीव ठेवावयाचे म्हटले, तर वापरावयास १६५० लिटर उरतात. नवशिका मनुष्य पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेतो असे धरू. २० मीटर खोलीवर दाब तिप्पट असल्याने त्याला मिनिटाला ६० लिटर लागतील, आणि १६५० लिटर हवा साडेसत्तावीस मिनिटांत संपेल. वर येतानाही हाच नियम लागू पडतो. १० मीटरवर छातीत भरून घेतलेली हवा पृष्ठभागाशी येईतो दुप्पट फुगते. म्हणून वर येताना श्वास कोंडून धरणे प्राणघातक ठरू शकते. रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेला आणि तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकता तोच हा नियम. सांगावयाचे तात्पर्य असे की, या संचातील काही वस्तूंवर मनुष्याच्या श्वासाचा हिशेब अवलंबून असतो, तर काहींवर तो मुळीच अवलंबून नसतो. खरेदी करताना हा भेद प्रथम ध्यानात घ्यावा.

संचातील वस्तू आपण तीन गटांत विभागू : अंगास बेतून बसावयाच्या वस्तू, श्वास ज्यांच्यावर अवलंबून आहे अशा वस्तू, आणि सोबतीच्या किरकोळ वस्तू.

पहिल्या गटात मास्क, पायात घालावयाचे फिन आणि अंगातील पोशाख येतो. यांपैकी मास्क सर्वांत आधी घ्यावा आणि तो शक्यतो तोंडाला लावून पाहिल्यावाचून घेऊ नये. मनुष्याच्या डोळ्याला पाण्यात स्पष्ट दिसत नाही; डोळ्यापुढे हवेची पोकळी राखणे हे मास्कचे काम. या पोकळीमुळे वस्तू पाऊण अंतरावर असल्यासारख्या व सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात, ही गंमत वेगळी. पोहण्याचा साधा चष्मा येथे चालत नाही, कारण त्यात नाक बाहेर राहते. खोल जाताना मास्कच्या आतील हवा आकुंचन पावते आणि नाकाने थोडी हवा सोडून ती उणीव भरून काढावी लागते. मास्क बसतो की नाही हे पाहण्याची रीत अगदी सोपी आहे. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा, नाकाने किंचित श्वास आत ओढावा आणि हात सोडावा. श्वास धरून आहोत तोवर मास्क जागचा न हलता राहिला, तर तो आपल्या चेहऱ्याचा. घसरला तर दुसऱ्याचा. प्रत्येकाच्या कपाळाची ठेवण, गालफडांची रुंदी आणि नाकाची उंची निराळी असते. चित्रात सुंदर दिसणारा मास्क आपल्या तोंडाला बसेलच असे नाही. ज्यांना मिशा आहेत त्यांनी तर ही परीक्षा अधिकच कसोशीने घ्यावी. ज्यांना चष्मा आहे त्यांच्यासाठी नंबराची भिंगे बसविता येणारे मास्क मिळतात. तेही विचारून घ्यावे.

फिन आणि पोशाख यांचेही असेच. फिन सैल झाला तर पायातून सुटतो, घट्ट झाला तर पोटरीत गोळे येतात. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने शरीराची उष्णता हिरावून नेते. त्यामुळे आपल्या उबदार समुद्रातही अर्ध्या-पाऊण तासाने हुडहुडी भरते. यासाठी निओप्रीनचा पोशाख घालतात. आपल्याकडे साधारणतः ३ मिलिमीटर जाडीचा पुरतो. तो अंगाला चिकटून बसला पाहिजे. सैल पोशाखात दर हालचालीबरोबर गार पाणी शिरते आणि त्याचा उपयोग राहत नाही. ऑनलाइन विक्रेते मापांचे तक्ते देतात हे खरे. परंतु दोन उत्पादकांचे ‘मध्यम’ हे माप एकच असते असे नाही. वस्तू बसली नाही तर परत पाठविता येते हेही खरे. पण एकदा खाऱ्या पाण्यात भिजलेला पोशाख सहसा कोणी परत घेत नाही, आणि मास्क गळतो हे तर बहुधा पाण्यात उतरल्यावरच कळते.

दुसऱ्या गटात रेग्युलेटर, हवेचा दाब दाखविणारे मापक, पाण्यात तरंग सांभाळणारे जाकीट आणि सिलिंडर या वस्तू आहेत. येथे प्रश्न मापाइतकाच, किंबहुना अधिक, देखभालीचा असतो. रेग्युलेटर बाहेरून चकचकीत दिसला तरी त्याच्या आत रबराच्या बारीक कड्या, झडपा आणि पडदे असतात. मिठाने व वापराने ते झिजतात. उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, पुष्कळ बाबतीत वर्षातून एकदा, तो शिकलेल्या कारागिराकडून उघडून, साफ करून, झिजलेले भाग बदलून घ्यावा लागतो. म्हणून रेग्युलेटर घेणाऱ्याने किंमत विचारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. याची दुरुस्ती माझ्या आटोक्यातील कोणत्या गावी होते? तिला लागणारे सुटे भाग आपल्या देशात मिळतात काय? आणि हा विक्रेता उत्पादकाने मान्य केलेला आहे काय? काही उत्पादक मान्य विक्रेत्याकडून घेतलेल्या मालावरच हमी देतात. तशी नसेल, तर खरेदीत वाचलेले पैसे पहिल्याच दुरुस्तीत निघून जाण्याचा संभव असतो.

आणखी एक गोष्ट. रेग्युलेटर सिलिंडरला जोडण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. एकीत तो चिमट्यासारख्या कडीने वरून आवळतात, तिला योक म्हणतात; दुसरीत तो आट्यांनी सिलिंडरच्या तोंडात फिरवून बसवितात, ती डिन पद्धती. परदेशातून हौसेने मागविलेला रेग्युलेटर येथल्या केंद्रातील सिलिंडरला बसलाच नाही, तर जोडणीचा वेगळा भाग शोधीत हिंडावे लागते. जेथे आपण नेहमी बुडी मारणार तेथली सिलिंडरे कोणत्या पद्धतीची आहेत, हे आधी विचारले तर हा खटाटोप वाचतो. तसेच युरोपीय मानक ‘ईएन २५०’ यासारखे प्रमाणचिन्ह त्यावर आहे काय, आणि त्याचा क्रमांक पावतीवरील क्रमांकाशी जुळतो काय, हे पाहावे.

सिलिंडराबद्दल तर नवशिक्याने विचारही करू नये. दाबाने भरलेला सिलिंडर ही साधी घरगुती वस्तू नव्हे. आपल्या देशात १८८४ चा स्फोटक पदार्थांचा कायदा आणि त्याखालील २०१६ चे गॅस सिलिंडरविषयक नियम त्याला लागू होतात. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. सिलिंडराची ठराविक मुदतीने दाबपरीक्षा करावी लागते आणि त्यात श्वासास योग्य अशी, तेलाचा वा धुराचा अंश नसलेली हवा भरावी लागते. हे सारे केंद्रावर सोपवून सिलिंडर भाड्याने घेणे यातच शहाणपण आहे.

तिसऱ्या गटात विजेरी, पिशवी, शिट्टी, पाटी, हातमोजे असल्या वस्तू येतात. त्या खुशाल ऑनलाइन घ्याव्यात. मनगटावर बांधावयाचा डाइव्ह संगणकही, विक्रेता विश्वासू असेल आणि हमी आपल्या देशात चालत असेल, तर मागविण्यास हरकत नाही. खोली व वेळ यांवरून शरीरात किती नायट्रोजन मुरला असेल याचा तो हिशेब ठेवतो आणि वर येण्याचा वेग सांभाळण्यास साहाय्य करतो. त्याला अंगाच्या मापाचा प्रश्न नसल्याने घरबसल्या चार वस्तूंची तुलना करून तो निवडता येतो.

ऑनलाइन खरेदीचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. तेथे निवड विपुल असते. किंमती समोरासमोर ठेवून पाहता येतात. ज्यांनी ती वस्तू वापरली त्यांचे अभिप्राय वाचावयास मिळतात. इंदूर वा हैदराबाद येथे राहणाऱ्या आपल्या आप्तेष्टांना तर समुद्र शेकडो मैल दूर. त्यांना असले साहित्य गावात हाताळावयास मिळणे अवघडच. उलट स्थानिक दुकानाचे, आणि आपल्याकडे बहुधा प्रशिक्षण देणारे केंद्रच दुकानाचेही काम करते, दोष झाकण्याचेही कारण नाही. तेथे माल थोडा, मापे मोजकी, किंमत कित्येकदा चढी. फडताळात आहे तेच उत्तम असे सांगणारा दुकानदारही भेटतो. म्हणून केवळ दुकान जवळ आहे एवढ्यावर विश्वासून राहू नये. वरील तीन प्रश्न त्यालाही विचारावेत. ज्याला त्यांची सरळ उत्तरे देता येत नाहीत, त्याच्याकडून रेग्युलेटर घेऊ नये, मग तो शेजारचा असो की सातासमुद्रापलीकडचा.

किंमतीची तुलना करतानाही बेरीज पुरी करावी. पडद्यावर दिसणारा आकडा ही बेरजेतील पहिलीच रक्कम असते. परदेशातून माल येणार असेल तर तीत टपालखर्च आणि आयातीवरील कर मिळवावा. वस्तू परत करावी लागल्यास पडणारा खर्च धरावा. पाच वर्षांच्या देखभालीचा अंदाज मांडावा. दुकानातील किंमतीत मात्र पुष्कळदा जोडणी करून देणे, तरणतलावात एकदा वापरून पाहू देणे, पहिल्या वर्षी तपासून देणे यांचा समावेश असतो. तसा तो आहे काय हे आधी स्पष्ट करून घ्यावे. दोन्ही बेरजा शेजारी शेजारी मांडल्या म्हणजे अंतर पुष्कळदा वाटले होते त्याहून कमी निघते.

याच ओघात एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. हल्ली अशी एक रीत पडत चालली आहे की, गिऱ्हाईक दुकानात जाते, तासभर दहा मास्क तोंडाला लावून पाहते, दुकानदाराकडून माहिती घेते, आणि घरी येऊन तोच मास्क थोड्या कमी किंमतीत ऑनलाइन मागविते. कायद्याने यात गुन्हा नाही. परंतु दुसऱ्याचा वेळ आणि ज्ञान फुकट वापरण्याची ही तऱ्हा सुसंस्कृत मनुष्याला शोभत नाही. शिवाय यात आपलाही तोटा आहे. सगळेच असे वागू लागले तर ते दुकान उठेल; आणि पुढल्या वर्षी रेग्युलेटरमधून हवा गळू लागली म्हणजे तो उघडून पाहणारा कारागीर गावात उरणार नाही. बाहेरून घ्यावयाचेच असेल तर दुकानदाराला तसे मोकळेपणाने सांगावे, किंमतीत काही सवलत होते काय ते विचारावे. पुष्कळदा तो काहीतरी वाट काढतो. न निघाली तरी व्यवहार सरळ राहतो.

शेवटी क्रमाविषयी दोन शब्द. प्रथम शिक्षण, मग खरेदी, हा क्रम कधीही उलटा करू नये. पॅडी या प्रमुख प्रशिक्षणसंस्थेच्या नियमांप्रमाणे दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना कनिष्ठ वर्गात शिकता येते. पंधराव्या वर्षापासून नेहमीचा प्राथमिक अभ्यासक्रम पुरा करता येतो आणि तो पुरा केलेल्यास १८ मीटरपर्यंत जाण्याची मुभा असते. शिकत असताना केंद्राचेच साहित्य वापरावे. त्यामुळे निरनिराळ्या बनावटींची ओळख होते आणि आपल्याला खरोखर काय मानवते हे कळते. पहिल्या वर्षी स्वतःचा मास्क, श्वसननळी आणि फिन एवढेच घ्यावे. आवड टिकली तर पुढे पोशाख व संगणक. आणि रेग्युलेटर व जाकीट सर्वांत शेवटी, ओळखीच्या प्रशिक्षकाचा सल्ला घेऊन. कोणाचा वापरलेला रेग्युलेटर स्वस्तात मिळत असेल, तर त्याच्या किंमतीत संपूर्ण दुरुस्तीचा खर्च मिळविल्यावाचून तो स्वस्त म्हणू नये. आणि कोठूनही घेतलेला रेग्युलेटर जाणकाराकडून तपासून, उथळ व शांत पाण्यात वापरून पाहिल्याखेरीज समुद्रात नेऊ नये.

विद्यार्थी मित्रहो, पालकांपाशी अशा संचाची मागणी कराल तेव्हा नुसते चित्र पुढे करू नका. एका कागदावर प्रत्येक वस्तू, तिची पुरी किंमत आणि ती दुरुस्त करणाऱ्याचे नाव असे तीन रकाने आखा. पहिले दोन रकाने कोणालाही भरता येतील. तिसरा रकाना जिच्यापुढे रिकामा राहील, ती वस्तू, विशेषतः ती श्वासाशी संबंधित असेल तर, तूर्त घेऊ नका. तो भरेपर्यंत केंद्राचे साहित्य आहेच, आणि समुद्रही कोठे जात नाही.